टेप उचलणारा हात

मंगळवार, संध्याकाळ

घर्रर्र... टक! कॉलेजात ध्वनिमुद्रणं जपून ठेवणाऱ्या यंत्राचा हात कप्प्यातली टेप उचलायचा, तेव्हा वर्गात तालावर कविता म्हटल्यासारखं वाटायचं मला. माझ्या जागी आलेल्या शिरीषने दिवाळीच्या साफसफाईत जुना संगणक भंगारात घातला. नव्यात तो हात हलवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हरच चालत नाही. हात गप्प, मी गावोगाव फिरून मुद्रित केलेल्या ओव्यांच्या टेपा आत अडकलेल्या. मी निवृत्त झालो त्या निरोपाच्या दिवशी हाच शिरीष हसला होता, “काका, यंत्रालाही सोबत न्या की!”

जुन्या सिस्टिमची, ड्रायव्हरची सीडी माझ्या कपाटात आहे. देणार नाही. वाजू दे शिरीषचा फोन. आधी पाया पडू दे त्याला! हा हलकटपणा झाला का? होऊ दे. तो हात मात्र गप्पच...

बेल वाजली. शिरीषच, म्हणून ऐटीत दार उघडलं. ओव्या गाणाऱ्या मंद्रूपच्या गंगूबाईंची लेक उभी.

“साहेब, आई गेली. तिचा आवाज तुमच्याकडंच हाय न्हवं?”