बोटीची चतुःसीमा

अण्णा,

ती बोट चोरीची नाही. काल दुपारी प्रांतिक पोलिसांच्या ठाण्यातल्या एका हवालदार बाईंनी फोन करून तसं सांगितलं. चोरीला गेलेल्या बोटींच्या यादीत तिचा क्रमांक नाही. ती मूळची ज्याची होती त्याच्या मुलीशीही त्या बोलल्या. मुलगी म्हणाली, वडिलांनी जाण्यापूर्वी ती आपल्या मित्राला दिली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे एक सरकारी यादी आणि एक माणूस, अशी दोन बाजूंनी खात्री झाली. वीस वर्षं बातमीच्या टेबलावर काढलेल्या मला एवढं पुरायला हवं. पण काल फोन ठेवल्यापासून मला बसवत नाही, आणि त्याचं कारण समजेल असं तुमच्याखेरीज कुणी नाही. म्हणून तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाल्यावर हे लिहायला बसले आहे.

आम्ही ओटावाहून दीड तासावर एका तळ्याकाठी दर उन्हाळ्यात दोन आठवडे कॉटेज भाड्याने घेतो. तिथल्या ग्रोसरीच्या दारात एक फळा आहे. त्यावर मांजर हरवल्यापासून जळाऊ लाकूड मिळेलपर्यंत सगळं लावलेलं असतं. जुलैत तिथे एक चिठ्ठी दिसली. जुनी लाकडी बोट, मोटर आणि ट्रेलरसह, चांगली चालते. खाली वेगळ्या ओळीत, कागद नाहीत. मी ती दोनदा वाचली. "प्रामाणिक माणूस दिसतोय," हे म्हणाले. मी म्हटलं, "प्रामाणिक माणूस स्वतःहून इतकं सांगत नाही." "मग काय लबाड माणूस सांगतो?" "मुरलेला सांगतो." गाडीत मागे बसलेली लेक कानातले इअरफोन न काढता म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट अ बोट."

तिला काय सांगणार? तुमची, बंदर निरीक्षकाची मुलगी मी, खाडीच्या तोंडाशी आपलं क्वार्टर, खिडकीतून दिवसाला पन्नास होड्या दिसायच्या, आणि मी त्यातल्या एकीतही कधी बसले नाही. नाही, एकदा बसले होते. दहा वर्षांची असेन. जेटीला बांधलेल्या एका होडीत उतरून वल्हं हातात धरलं होतं. तुम्ही ऑफिसातून पाहिलंत आणि चालत आलात, धावत नाही. सगळ्या कोळणींच्या देखत दंडाला धरून मला वर काढलंत. "कुणाची आहे, विचारलंस?" मी रडत म्हणाले की ते काका नेहमी बस म्हणतात. तुम्ही म्हणालात, "ते म्हणणारच. त्यांच्या होडीची पाहणी परवा आहे." तेव्हापासून पाणी माझ्यासाठी खिडकीतलंच राहिलं. आता पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात. आपली स्वतःची, कुणाचा उपकार नसलेली बोट घेऊन एकदा त्या पाण्यावर जायचं, एवढीच इच्छा होती. उपकार नसलेली, आणि संशय नसलेलीही.

विकणारा पंचाहत्तरीचा असेल. आयुष्यभर शाळेची बस चालवली, बायको गेली, एकटा राहतो. बोट शेडमध्ये उलटी घातलेली होती, सीडरच्या लाकडाच्या अरुंद पट्ट्यांची, बाहेरून हिरवी. इथे मोटरच्या बोटीला सरकारी नंबर असतो, तो पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी रंगवावा लागतो. त्या टोकाला तुम्ही नाळ म्हणायचात. हिच्या नाळेवर काहीच नव्हतं. मी खाली बसले आणि तुमच्यासारखा तळवा फिरवला, बोटांनी नव्हे, तळव्याने. हिरव्या रंगाखाली आकड्यांच्या कडा लागल्या.

"काय शोधतेस?" त्याने विचारलं.

"इथे नंबर होता."

"होता. माझ्या दोस्ताचा. तो गेल्यावर त्याच्या नंबराखाली फिरायला मला बरं वाटेना. मी रंग दिला."

"मग तुमच्या नावावर का केली नाही?"

त्याने खांदे उडवले. "त्याने मला दिली. या तळ्यावर सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत आहे. अण्णा, हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलं असेल! आणि दर वेळी तुम्ही काय करायचात तेही मला पाठ आहे. जमिनीच्या कागदात चतुःसीमा लिहितात, पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. तुम्ही ती होडीलाही लावायचात. कागद नसलेली होडी नोंदवायला आली की होडी बांधतात तिथल्या चारी बाजूंच्या चार घरी जायचं, वेगवेगळ्या वेळी, आणि एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात बोलायचं नाही. चौघांचं जुळलं तर नोंद, नाहीतर नाही. एका वर्षी चौथ्या घराने नुसतं "आम्हाला काय ठाऊक" म्हटलं, म्हणून तुम्ही एका माणसाची नोंद पुरा हंगाम अडकवून ठेवलीत. होडी त्याचीच निघाली. त्या चौथ्या घराशी त्याचं कशावरून तरी वाजलं होतं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याच्या घरी चूल कशी पेटली असेल चार महिने?" तुम्ही बशीतला चहा संपवलात. म्हणालात, "संशय चुकला तर एक हंगाम जातो. विश्वास चुकला तर माझी सही जाते." मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला होता. आता मी मनाने त्या स्वयंपाकघरात उभी राहते तेव्हा आईचा चेहराही दिसतो. तो मला त्या वेळी दिसला नव्हता.

तर मी चतुःसीमा केली. हे म्हणाले, "अगं, बोट घेतेयस की पोरीचं लग्न ठरवतेयस?" मी म्हटलं, लग्नात निदान पत्रिका तरी असते. दोन दिवसांत त्याच्या चार शेजाऱ्यांकडे गेले. एकीकडे ब्लूबेरी घ्यायला, एकाकडे बोटीची मोटर दुरुस्त करणारा विचारायला. सहज विषय काढल्यासारखं करून विचारायचं, हे मला चांगलं जमतं, त्याचाच पगार घेतला आहे. पहिल्या दोघांनी सांगितलं, हो, त्याचीच. तिसऱ्या घरच्या बाईने ब्लूबेरी मोजायचं थांबवून विचारलं, "का? त्याने काही केलं का?" मी घाईने नाही नाही म्हटलं. चौथ्या घरचे नवराबायको गेल्याच वर्षी टोरंटोहून आलेले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. पण मी गेल्यावर त्यांना एवढं कळलं, की शेजारच्या म्हाताऱ्याच्या शेडमध्ये कुणाची तरी बोट आहे आणि लोक तिच्याबद्दल विचारत फिरताहेत.

आपल्याकडे शेजाऱ्याला विचारणं म्हणजे घरच्याला विचारण्यासारखंच. चौकशी झाली नाही तरच माणूस म्हणतो, आमच्यात काय खोट होती? मी हे विसरले की इथे शेजाऱ्याकडे जाणं म्हणजे आरोप करणं. त्या नव्या लोकांनी पोलिसांना फोन केला. गाडी त्याच्या दारात भर दुपारी अर्धा तास उभी होती. चाळीस वर्षं ज्या रस्त्यावरची मुलं त्याने शाळेत नेली, त्या रस्त्यावर. बोटीबद्दल फोन करून विचारणाऱ्यांची नावं त्याने पोलिसांना दिली, त्यांत माझंही होतं, म्हणून हवालदार बाईंनी मलाही कळवलं. शेवटी त्या सौम्यपणे म्हणाल्या, "मॅडम, एवढी चौकशी करायची होती तर आम्हालाच आधी विचारायचं होतंत." त्या कशाबद्दल बोलत होत्या ते मी विचारलं नाही.

त्यानंतर तासाभराने त्याचा फोन आला. मला वाटलं, बोट विकत नाही म्हणेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, बस थांब्यावर आणतानासारखा संथ. म्हणाला, टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीच्या, ऑफिसात विचारलं, विक्रीचा कागद नसला तर अधिकाऱ्यासमोर शपथ घेऊन लिहून द्यायचं, ते चालतं. शुक्रवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. दोस्ताची मुलगी किंगस्टनहून येतेय, तीही सही करेल. मी बरं म्हटलं. मग तो म्हणाला, "एक विचारू? कुणीतरी माझ्या शेजाऱ्यांकडे फिरत होतं. तू होतीस का?"

मी नाही म्हटलं.

"ओके," म्हणाला, "शुक्रवारी दहा. लाइफ जॅकेट मी देतो, विकत घेऊ नकोस."

अण्णा, त्या तळ्यावर माझ्यासारखी दिसणारी, माझ्यासारखं इंग्रजी बोलणारी दुसरी बाई नाही. त्याला उत्तर ठाऊक होतं. त्याने मला बोलायची संधी दिली आणि ती मी घालवली. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वाक्यांवर संशय घेतला, खोडली, परत पाठवली. ते एक वाक्य माझ्या तोंडून सरळ, न अडखळता निघालं. खोटं बोलणारा चाचरतो, असं तुम्ही सांगायचात. मी चाचरले नाही. तुम्ही कधी त्या अडकवलेल्या माणसाकडे गेला होतात का, हे आईला विचारायचं राहून गेलं. गेला असाल असं मला वाटत नाही. पण वाटतं त्याची नोंद करायची नसते, हेही तुम्हीच शिकवलंत.

हे पत्र इथेच, माझ्या खणात राहील. ह्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. ते समजतात की पोलिसांच्या फोनने माझं समाधान झालं. उद्या ते बोट चालवायच्या परीक्षेला बसणार आहेत, यंदापासून सगळ्यांनाच कार्ड सक्तीचं झालंय. परवा शुक्रवार. आम्ही साडेआठला निघू. दहाला टाउनशिपच्या ऑफिसात तो म्हातारा उजवा हात वर करून सांगेल की ही बोट त्याची आहे, आणि सगळं खरं असेल. मग अधिकारी माझ्याकडे वळून विचारेल, तुम्हाला काही शंका आहे का.