१.० म्हणायची घाई

कॉव्हेंट्री, मंगळवार, नोव्हेंबर २००६

काय करून बसलो मी! माझ्या फुकट वाटलेल्या लायब्ररी सॉफ्टवेअरची रिलीज कँडिडेट, म्हणजे पक्की करण्याआधी तपासायला दिलेली आवृत्ती, महिनाभर वेबसाइटवर होती. वापरून बघा, बग सांगा, म्हणून मेलिंग लिस्टवर अक्षरशः विनवत होतो. कुणाचंच उत्तर नाही. मला वाटलं, म्हणजे सगळं ठीक आहे. रविवारी तीच १.०, म्हणजे पहिली पक्की आवृत्ती, म्हणून सोडली.

आज लेस्टरच्या मराठी वाचनालयातून जोशीकाकांचा फोन. जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड केलं आणि सभासदांची सगळी नावं उडाली. बॅकअप नाही.

चूक दुरुस्त करून, आवृत्तीचा नंबर तोच ठेवून वेबसाइटवरची फाइल गुपचूप बदलू? छे, डाउनलोड तर कधीच झालेत.

"काका, महिनाभर टेस्टिंगला ठेवलं होतं हो."

"अरे, टेस्टिंगवालं आम्ही घेतच नाही. तू १.० म्हणालास, म्हणून डोळे झाकून टाकलं."

रागावले असते तरी चाललं असतं. १.० म्हणालो मी. कुणी तपासलं होतं?