आईची केमिस्ट्री

प्रिय बबडे,

रविवारी फोनवर एका दमात सगळं ओकून टाकलंस आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. पूर्वपरीक्षेत केमिस्ट्रीत सत्तरपैकी एकवीस, म्हणून आता बारावीचा पेपर द्यायचाच नाही, सामान बांधून सरळ घरी यायचं, आणि आईने मध्ये काही बोलायचं नाही, कारण आईला त्यातलं कळत नाही. बरं बाई, बोलत नाही. लिहिते. पण कळत नाही म्हणालीस ना, तेव्हा मला असं काही हसू फुटलं की हातातली पळी सूपच्या पातेल्यात पडली. हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

आता नीट बसून वाच. तू हॉस्टेलला गेलीस आणि घर नुसतं खायला उठलं. तू असताना कसं, मी कांदा चिरायची आणि तू ओट्यावर चढून बसून रिॲक्शन पाठ करायचीस, तीही भांडण काढल्यासारख्या आवाजात. मला एक अक्षर कळायचं नाही, पण कानांना सवय झाली होती. तू गेल्यावर एका संध्याकाळी मी आमच्या हॉस्पिटलसमोरच्या संध्याकाळच्या शाळेत शिरले, सहज चौकशी करायला. क्लार्कने विचारलं, प्रवेश कोणाला हवाय. मी म्हटलं, मलाच. कोणती शाखा, तर म्हटलं सायन्स. कुठून धीर आला देव जाणे! तर बबडे, तुझी आई बारावीत आहे. केमिस्ट्री घेऊन.

तुला सांगितलं नाही, कारण आपटले तर तुझ्यासमोर फजिती नको होती. तू सुट्टीत आलीस की माझी पुस्तकं पिठाच्या डब्यामागे जायची. मागच्या खेपेला माझ्या बोटांवरचे काळे डाग बघून तू कँटीनच्या मॅनेजरशी भांडायला निघाली होतीस, कढया बदला म्हणून. अगं, ते कढईचे नव्हते, सिल्व्हर नायट्रेटचे होते! प्रॅक्टिकलला सांडलं होतं. तुला कसंबसं थोपवताना माझी काय तारांबळ उडाली, ते माझं मलाच माहीत.

वर्गात माझ्या शेजारी आमच्याच हॉस्पिटलचा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर असतो, त्याला सगळे भाऊ म्हणतात. मॅडम म्हणजे पोरगीच आहे, तुझ्या धाकट्या मावशीच्या वयाची, पण ओरडायला लागली की आम्ही दोघं चिडीचूप. पहिल्याच प्रॅक्टिकलला तिने प्रत्येकाला काचेच्या बशीत चिमूटभर पांढरी पूड दिली आणि म्हणाली, हा कोणता क्षार आहे ते ओळखा. आता तूच सांग, जिचं आयुष्य पातेल्यातलं मीठ बघण्यात गेलं तिला ओळखा म्हटल्यावर ती काय करणार? माझं बोट बशीत जाऊन थेट तोंडाकडे निघालं. भाऊने मनगट असं धरलं की बांगडीच वाकली, आणि मॅडमचा चेहरा त्या पुडीपेक्षा पांढरा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, इथे काहीही चाखायचं नाही. नाव नव्हतं, पण अख्खा वर्ग माझ्याकडे बघून खिदळत होता. मीही खिदळले.

टायट्रेशनने तर माझा घाम काढला. वरच्या नळीतून एकेक थेंब सोडायचा, खाली फ्लास्क हलवत राहायचं, आणि रंग अगदी फिकट गुलाबी आला की थांबायचं. माझा हात पडला सढळ. शंभर माणसांच्या स्वयंपाकात कोण थेंब मोजतं? दर वेळी माझा फ्लास्क भडक गुलाबी व्हायचा आणि मॅडम कपाळाला हात लावायची. मग मी घरी नळाखाली बसून सराव केला, तोटी इतकीशी फिरवायची, एकच थेंब पडू द्यायचा. आणि परवा, बबडे, तो रंग आला गं! आहे की नाही असा. हलवला तरी टिकला. लागोपाठ तिन्ही रीडिंग जुळली. मी प्रयोगशाळेत टाळ्या पिटल्या, भाऊने शिट्टी मारली, आणि मॅडमला रागवायचं सुचलंच नाही. इतका आनंद मला तुझा पहिला दात दिसला तेव्हा झाला होता.

आणखी एक सांगते. आठवतं, तू सुट्टीत आली होतीस तेव्हा मी एकदा भाकरी थापता थापता भोळेपणाने विचारलं होतं, मोल म्हणजे काय गं? तू अंड्यांचा ट्रे समोर ठेवलास आणि म्हणालीस, आई, डझन म्हटलं की बारा, तसा मोल म्हटलं की एक ठरलेला भलामोठा आकडा, अंडी असोत नाहीतर अणू. पुस्तकाने मला महिनाभर छळलं होतं, तू एका ट्रेमध्ये मोकळी केलीस. परीक्षेत मी ते तसंच लिहिलं. तेवढ्या एका प्रश्नाला पूर्ण मार्क मिळाले. हे समजावणाऱ्या मुलीला केमिस्ट्री येत नाही, असं कुणी म्हटलं ना, तर मी त्याच्याशी भांडेन. तू म्हणालीस तरी भांडेन.

आता बाकीच्या प्रश्नांचं काय झालं ते विचारू नकोस. विचारतेसच? तर ऐक. आमचीही पूर्वपरीक्षा झाली. तुला सत्तरपैकी एकवीस, तुझ्या आईला तेरा. आठ मार्कांनी तू माझ्या पुढे आहेस, लाजू नकोस. पेपर हातात आला तेव्हा मी कँटीनच्या कोठीत जाऊन रडले, खोटं कशाला सांगू. मग डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात जाऊन बसले, कारण मला तिथे फार आवडतं. एवढंच कारण.

पत्र लिहायचं खरं कारण मात्र वेगळंच आहे. आमच्या शाळेत नियम आहे, पूर्वपरीक्षेत नापास झालेल्याने उत्तरपत्रिकेवर पालकाची सही आणायची, आणि पालकाने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची: 'माझी पाल्य अंतिम परीक्षेला बसणार आहे.' मी क्लार्कला म्हटलं, अहो, मी चाळिशी ओलांडलेली बाई, मला कुठला पालक? तो म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा, घरातलं कुणीतरी असेलच की. आपल्या घरात आपण दोघीच. म्हणून सोबत माझी उत्तरपत्रिका पाठवतेय. ती ओळ लिही आणि खाली तुझी सही कर. पण मनापासून पटलं तरच लिही हं, तेरा मार्कवालीने पुन्हा बसावं असं. आणि पटलंच, तर तुझीही उत्तरपत्रिका परतीच्या टपालाने पाठव. माझं पेन तयार आहे.

तुझीच,
यत्ता बारावीतली आई