बद्रीला गेलेली सुपारी

बाबा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, आणि आज मी तुमच्यावर जितका चिडलोय तितका तुम्ही असताना कधी चिडलो नव्हतो. तेवढी हिंमतच नव्हती. बद्रीनाथाचं दर्शन घेऊन काल देवप्रयागला उतरलो. आपल्या गावाचं नाव ऐकताच पंड्याने यात्रेकरूंची जुनी वही काढली आणि तुमचं मोडी अक्षर माझ्यापुढे धरलं. तुमचं नाव, बार्शीटाकळीजवळचं आपलं गाव, आणि पुढे एक शब्द: सपत्नीक.

सपत्नीक? माय तेव्हा कुठे होती, बाबा? कमरेला ओटी बांधून ती आपल्या वावरात कापूस वेचत होती. साता समुद्रापार कुठेशी लढाई पेटली होती आणि इकडे अमरावतीच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला होता. एरवी शेवटची वेचणी आपण गावच्या गरीब बायांना सोडून द्यायचो. त्या साली तुम्ही झाडावर एक बोंड राहू दिलं नाही. अकोल्याहून यात्रेकरू निघणार म्हणून मायने महिनाभर आधीच दशम्यांचं पीठ दळून ठेवलं होतं. निघायच्या सकाळी तुम्ही चुलीपाशी आलात आणि म्हणालात, "तू राह्य. वेचाले बाया लावल्या, त्याइच्यावर नजर कोन ठेवीन?"

"बारा वर्सं झाली, मी बद्री बद्री करून राहिली," माय म्हणाली. "जोडीनं जातेत न मानसं?"

तुम्ही देवघरातली सुपारी उचलली आणि उपरण्याच्या टोकाला बांधली. "हे तूच समज. भटजीले इचारलं म्या. चालते."

चालते! पूजेला बायको नसली तर तिच्या जागी सुपारी मांडतात, हे मलाही ठाऊक आहे. पण तुमची तर समोर उभी होती, हाताला भाकरीचं पीठ लागलेलं. केदारच्या चढावर त्या सुपारीला दम लागला का हो? बर्फाच्या वाऱ्याने तिचे ओठ फुटले? सहा महिन्यांनी परत येऊन ती तुम्ही मायच्या तळहातावर ठेवलीत. "घे, झाली तुही यात्रा," म्हणालात आणि गावजेवणाच्या तयारीला लागलात. मायने ती कुंकवाच्या करंड्यात ठेवली. पुन्हा तिने बद्रीचं नाव काढलं नाही, आणि तिसऱ्या हिवाळ्यात तापाने गेली.

तीच सुपारी यंदा मी घेऊन आलो. बायको सोबत होती, पायाला चिंध्या गुंडाळून सगळा चढ चढली. देवापुढे सुपारी ठेवताना मला तुमचं तोंडही आठवायचं नव्हतं. पंड्याने वहीत लिहायला सांगितलं तेव्हा तुमच्या त्या शब्दावर काट मारावीशी वाटली. त्याने वही ओढून घेतली.

हे पत्र धाडणार तरी कुठे? पण इतकं लिहूनही एक गोष्ट मी टाळत आलोय. उपरण्याची गाठ मारून झाल्यावर मायने तुमच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं होतं. मी वीस वर्षांचा होतो. "माय, तू जाय, वावर मी पाहतो," एवढंच म्हणायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी शंकरपट होता आणि शर्यतीत मला आपली नवी बैलजोडी पळवायची होती. मी बैलांना पाणी पाजायचं निमित्त करून बाहेर निघून गेलो.