न जाणारा रंग

३ मार्च
आज माझ्या वाट्याला ‘फास्ट’ आला. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत शब्द असेच वाट्याला येतात. वाटलं, हा काय, जलद, वेगवान — जेवणाआधी हातावेगळा करू! संध्याकाळपर्यंत नऊ कार्डं भरली. घड्याळ फास्ट म्हणजे पुढे गेलेलं. दार फास्ट म्हणजे घट्ट लावलेलं. धावणाराही फास्ट आणि जागचा न हलणाराही फास्ट! डोकं गरगरलं, पण छान गरगरलं. त्या तंद्रीत बसचा थांबा चुकले.

४ मार्च
बाबांना विचारलं. चाळीस वर्षं रंगारी होते. इंग्रजीशी उभा दावा, पण हा शब्द त्यांच्या घरचा. म्हणाले, “फास्ट म्हणजे न जाणारा. धुवा, उन्हात टाका, जात नाही. शेवटी सोडा घातला की रंग सुताला धरून बसतो.” धरायला सोडा लागतो, हे मला फारच आवडलं. दहावं कार्ड केलं.
पाच मिनिटांनी म्हणाले, “मघाशी काय विचारत होतीस?”

७ मार्च
कोशाच्या पुढच्या भागाचं काम समुद्राकाठच्या कचेरीत होणार. वर्षभर. संपादकबाई म्हणाल्या, “तुम्हीच हव्यात. पंधरापर्यंत सांगा.”
इथे कोण वाचतंय, लिहून टाकते — मला फार फार जायचंय. पण बाबांना एकटं कसं ठेवू? परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. गेल्या आठवड्यात आईला हाक मारली, आणि ती जाऊन सहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. खालच्या शिंपीणकाकू म्हणतात, “मी बघते ना, तू जा.”

१० मार्च
गाढ झोपलेलाही फास्ट. दुपारी बाबा खुर्चीत असे झोपले होते. हातांवर ऊन आलेलं. काम सोडून बारा वर्षं झाली तरी नखांच्या कडेला मला निळं दिसतं. खरं की माझ्या मनाचं, कोण जाणे. कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

१२ मार्च
अखेर सांगितलं. आधी का बोलली नाहीस म्हणून चिडले. “मला काय झालंय? उद्या तुझा तो पांढरा स्कार्फ रंगवून दाखवतो. रंग चांगला बसला तर गुपचूप जायचं.” माळ्यावरून पातेलं काढायला लावलं.

१३ मार्च
स्वयंपाकघर निळं, ओटा निळा, बाबा कोपरापर्यंत निळे! मला जवळ फिरकू दिलं नाही. मी दारातूनच बघत होते. एकही माप नाही, सगळं चिमटीने. पिळून तसाच दोरीवर टाकला. वाळल्यावर स्वतः माझ्या गळ्यात घातला. असा निळा की त्यात पोहावंसं वाटावं. “आता जा. हा कुठे जात नाही, मीही नाही.”
मी रडले. मग संपादकबाईंना होकार कळवला.

२ एप्रिल
खोलीतून समुद्र दिसतो! म्हणजे अर्धा, उरलेला टाकीमागे. दिवसभर स्कार्फ गळ्यात असतो. मानेला जरासा निळा लागलाय, मला त्याचीही गंमतच वाटते. ‘फास्ट’ची छापून तपासायला आलेली पानं पाहिली. दहावा अर्थ बाबांचा. फोनवर वाचून दाखवला. म्हणाले, “वा, अगदी नेमकं. कोणी सांगितलं गं तुला?”
चेष्टा करायची सवय जात नाही त्यांची. मी खूप हसले.

३ एप्रिल
काही नाही. टाकीवर दोन पक्षी.

५ एप्रिल
आज स्कार्फ पहिल्यांदा धुतला. बादली निळी झाली. पाणी बदललं, पुन्हा निळी. पाचव्या पाण्यात तो जवळजवळ पांढरा.
बाबा सोडा घालायला विसरले होते.
उद्या सकाळच्या गाडीने घरी जातेय.