दोन्ही राउटरला एकच नाव

तेजस,

मी मार्केट यार्डात जातोय, जेवायला घरी येईन. नवा राउटर खुशाल लाव, पण त्याला 'तेजस फाइव्ह-जी' वगैरे नाव देऊ नकोस. स्वयंपाकघरातल्या जुन्या राउटरचंच नाव आणि तोच पासवर्ड दे. म्हणजे टीव्ही, प्रिंटर सगळं आपोआप जोडलं जातं, असं दुकानदार म्हणाला. नाहीतर प्रत्येकात नवा पासवर्ड घालावा लागेल, आणि तुझ्या आईच्या फोनचं लॉक आपल्याला उघडता येत नाही. ती गेल्यावर सिम आपण बंद केलं, त्यामुळे तो फोन वायफायवरच चालतो. फ्रिजवर चार्जिंगला आहे, काढू नकोस. मावशी अजून रोज सकाळी तिला 'सुप्रभात' पाठवते. तो वाजला की मी उठून चहा ठेवतो.

बाबा