चॉपला लिंबू लागतं

९ जानेवारी १९७१, शनि.
उद्या चर्चनंतर श्रीगोंद्याकडचे पाहुणे रूथला बघायला येणार. मुलगा दाविद, मास्तर आहे. पोरीला मनापासून आवडलाय. मी डुकराचे चॉप करणार, बरगडीचे तुकडे जाळीवर भाजून. लष्करी कॅम्पातल्या मेसमध्ये अर्धा जन्म तेच केलं, आता नाही मिरवायचं तर कधी? सौ. म्हणते, "कोंबडी करा. खेड्यातली माणसं, शेजाऱ्यापाजाऱ्यांपायी डुक्कर खात नसतील." पण ‘काहीही चालेल’ असा निरोप आहे. चालेल म्हणजे चालेल ना?
आलं-लसूण, मिरी, मीठ, व्हिनेगर, किंचित गूळ. चोळून मुरत ठेवलं. बाजारातली लिंबं वाळकी निघाली, टाकून दिली.

१० जाने., रवि.
डोकं चालत नाही. अंगणात शेगडी, वर जाळी. चरबी टपकून जाळ उठत होता, तरी एक चॉप करपू दिला नाही. मुलाच्या वडिलांनी तीन खाल्ले. दाविदने आईकडे बघितलं नि हात आखडला. त्या बाई ठेचा-भाकरी खात बसलेल्या. रूथचा चेहरा एवढासा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
मग बाई जाळीकडे बघत एकदम म्हणाल्या, "लिंबू न्हाई लावलं व्हय? ह्याला लिंबू लागतंय."
खात नाहीत, मग ठाऊक कसं?
निघताना, "उरलेलं द्या डब्यात. डबा धाडून देते." लग्नाबद्दल अवाक्षर नाही.

१४ जाने.
निरोप नाही. रूथ धड जेवत नाही. सौ.: "तुमची हौस भोवली पोरीला." खरं असेल. पण मग चॉप नेले कशाला? सौ. आधी म्हणाली, बाई माहेरी खात असतील, म्हणून नेले. नंतर म्हणाली, कुत्र्याला नेले असतील. कुत्र्याला! माझे चॉप!

१९ जाने.
एस.टी.चा कंडक्टर डबा देऊन गेला. सोबत चिठ्ठी नाही. डबा घासून लख्ख, आत गच्च लिंबं. रसरशीत, त्यांच्याच झाडाची असणार. सौ. म्हणते, रिकामा डबा पाठवू नये म्हणून भरला, बाकी काही नाही. मला होकार वाटतो. मग वाटतं, होकाराला साखर देतात, लिंबं कोण देतं?
रूथने एक कापलं, वास घेतला, इतक्या दिवसांनी हसली.
"पपा, रविवारी चॉप आणा."
किती जणांचे, नुसते आपले की पाहुणे धरून, ते विचारायला जीभ रेटेना.